मारका कोंबडा, भांडखोर कोंबड्या आणि त्यांचे पाय

प्रश्न थोडक्यात असा: इंदूरला राऊकडे राहणाऱ्या एका ताईंनी घरामागच्या मोकळ्या जागेत कडकनाथ पाळलेत. एक कोंबडा दीड वर्षाचा, दुसरा सात-आठ महिन्यांचा, आणि पाच कोंबड्या. गेल्या महिन्यात आठवडी हाटातून तीन गावरान तलंगा (वयात येऊ लागलेल्या कोंबड्या) आणून त्यांच्यातच सोडल्या. आता सासूबाई कपडे वाळत घालायला गेल्या की मोठा कोंबडा मागून झेप घेतो. परवा पोटरीत त्याच्या पायाचा काटा घुसून रक्त आलं. जुन्या कोंबड्या नव्यांची पाठ सोलेपर्यंत टोचतात. नव्यांपैकी दोघींच्या पायांवर पांढरट खपल्या आहेत, आणि जुन्यांतली एक लंगडते. शेजाऱ्यांचा सल्ला: पायांना घासलेट लावा, कोंबड्याचा काटा मुळापासून छाटा, आणि त्याला झाडूने चोप द्या.

ताई, तिन्ही सल्ले बाजूला ठेवा. आधी सासूबाईंचं बघा. कोंबड्याचा काटा दिवसभर माती आणि विष्ठेतून फिरत असतो, आणि त्याची जखम वरून बारीक दिसली तरी आत खोल असते. साबण लावून वाहत्या पाण्याखाली चांगली धुवा आणि धनुर्वाताचं इंजेक्शन घेऊन बरीच वर्षं झाली असतील तर आजच घ्या. त्यांना मधुमेह असेल किंवा रक्त पातळ करायच्या गोळ्या चालू असतील, तर घरी हळद भरून गप्प बसू नका, डॉक्टरला दाखवाच.

आता कोंबड्याकडे. एका कोंबड्यामागे आठ-दहा कोंबड्या हा साधारण हिशोब असतो. तुमच्याकडे महिन्यापूर्वीपर्यंत दोघांत मिळून पाच होत्या. त्यात धाकटा आता वयात आलाय. पाच-सहा महिन्यांनंतर कोंबड्याच्या अंगात नर-संप्रेरकाचा जोर चढतो, तो थोरल्याला आव्हान द्यायला लागतो, आणि थोरला दिवसभर पहाऱ्यावर राहतो. अशा तापलेल्या कोंबड्यासमोर फडफडणारा पदर आणि हलती बादली आली की त्याला तो दुसरा कोंबडाच वाटतो. संक्रांतीनंतर दिवस मोठा होऊ लागला की हे आणखी वाढतं, कारण दिवसाचा उजेड जसा वाढतो तशी त्यांची संप्रेरकं वाढतात. तुमचा प्रश्न नेमका या दिवसांत आलाय, यात मला नवल वाटत नाही.

सासूबाईंवरच का? कारण त्या मागे सरतात. वागणुकीला दोष नाही, कुणीही सरेल. पण कोंबड्याच्या हिशोबात समोरचा मागे हटला म्हणजे आपण जिंकलो. पुढच्या वेळी तो अधिक लांबून येतो. तो थेट कधी येत नाही, हे बघून ठेवा. आधी एक पंख खाली सोडून जमिनीला घासत तिरका-तिरका चालतो, मानेची पिसं फुलतात, आणि दाणा नसलेल्या जागी उगाच दोन-चार वेळा चोच आपटतो. हे दिसलं की झेपेला काही क्षण उरलेत असं समजा. पाठ फिरवली की तो उडालाच.

त्या वेळी पळू नका आणि मारूही नका. झाडू, लाथ, दगड यांनी तो घाबरत नाही, त्याच्या लेखी लढाई सुरू झाली एवढंच होतं. झाडू दिसला की आधीच पिसं फुलवणारे कोंबडे मी पुष्कळ पाहिलेत. त्याच्याकडे तोंड करून उभं राहा, मग सावकाश एक-एक पाऊल त्याच्याच दिशेने टाका, तो वाटेतून बाजूला होईपर्यंत. बाजूला झाला की त्याच्याकडे लक्ष न देता आपल्या कामाला लागा. हातात घरातलं जुनं सूप ठेवा आणि ते गुडघ्यांपुढे धरा. झेप सुपावर बसते, पाय वाचतात. त्याला हाताने दाणे भरवून लाडीगोडी लावू नका, त्याने तो आणखी धीट होतो. दाणे लांब फेका. चांगला कोंबडा दाणा दिसला की स्वतः न खाता कुक-कुक करून कोंबड्यांना बोलावतो. त्याला ते काम द्या.

महिनाभर तरी सासूबाईंनी आणि लहान मुलांनी आत जाऊ नये. दोरी दुसरीकडे बांधा किंवा मध्ये हिरवी जाळी ताणून घ्या. मुलांच्या बाबतीत मी जरा कडक आहे. मुलाचा चेहरा कोंबड्याच्या झेपेच्या उंचीवर येतो आणि डोळा एकच चोच मागतो. मुलाच्या तोंडावर गेलेल्या कोंबड्याला दुसरी संधी देऊ नये.

आता तुम्ही ज्यांना दोन वेगळे प्रश्न समजताय, त्यांच्याबद्दल. कोंबड्याचा राग आणि कोंबड्यांचे पाय या दोन्हींवर माझा उपाय एकच आहे: आठवड्यातून एकदा, रात्री, प्रत्येक पक्षी हातात घेऊन पाय तपासायचे. पाय दुखणारा पक्षी चिडका होतो किंवा बाकीच्यांच्या चोचीखाली येतो, आणि दिवसा पळत असताना ते दुखणं दिसत नाही. शिवाय ज्या माणसाच्या हातात कोंबडा दर आठवड्याला निमूटपणे दहा मिनिटं बसतो, त्याच्यावर तो सहसा उडत नाही. माझ्या मते कोंबड्याला वठणीवर आणायचा याहून चांगला मार्ग नाही.

अंधार पडून सगळे दांडीवर बसले की तासाभराने जा. कोंबड्यांना अंधारात फारसं दिसत नाही, म्हणून त्या वेळी त्या गरीब असतात. टॉर्चवर लाल जिलेटिन कागद बांधा. एक तळवा छातीखाली सरकवा, दुसऱ्या हाताने दोन्ही पंख अंगाशी दाबा आणि उचलून काखेत घ्या, पाय बोटांमध्ये. हाटात धरतात तसं पायांना धरून उलटं लटकवू नका. पक्ष्यांना आपल्यासारखा श्वासपटल नसतो, उलटं टांगल्यावर पोटातल्या अवयवांचा भार हवेच्या पिशव्यांवर येऊन दम कोंडतो, आणि मांडीचे सांधे दुखावतात ते वेगळंच. पहिल्या रात्री थोरला कोंबडा फडफडेल. सोडू नका. तो सैल पडला, मान खाली आली, की मग दांडीवर ठेवा. फडफडताना सोडलात तर फडफडलं की सुटका होते, हे तो शिकतो.

हातात घेतल्यावर आधी दोन्ही नडग्या एकाच वेळी मुठीत धरा. एक दुसरीपेक्षा गरम लागली तर तिकडे काहीतरी आहे. मग खवल्यांवरून अंगठा वरून खाली फिरवा, खरखरीत लागायला नको. मग बोटांच्या बेचक्या. शेवटी तळव्याची गादी अंगठ्याने दाबून बघा. कडकनाथच्या बाबतीत ही शेवटची पायरी सोडू नका. बाकी कोंबड्यांच्या पिवळ्या तळव्यावर काळी खपली लगेच दिसते, कडकनाथचा तळवा मुळातच काळा. तिथे डोळा फसतो, अंगठा फसत नाही.

काट्याचं सांगतो. नडगीवरच्या काट्याला वरून नखासारखं कठीण आवरण असतं आणि आत जिवंत हाड, रक्तवाहिन्यांसकट. मुळापासून छाटणं म्हणजे हाड तोडणं. रक्त थांबत नाही, जखम चिघळते. गरम बटाटा काट्यावर खोचून आवरण उपटायचीही एक पद्धत लोक सांगतात. तीही नको, पाय भाजतो आणि आतला कोवळा गाभा उघडा पडतो. फक्त टोक बोथट करायचं. कुत्र्याच्या नखांच्या कात्रीने टोकाचे तीन-चार मिलिमीटर काढा आणि कानशीने गोल करा, किंवा नुसती कानसच वापरा. चुकून रक्त आलंच तर कॉर्नफ्लॉवर चेपून कापसाने दाबून धरा आणि पूर्ण थांबेपर्यंत त्याला कळपात सोडू नका. लाल रंग दिसला की बाकीचे टोचायला धावतात. टोक बोथट झालं की कोंबड्यांच्या कुशीवरचे ओरखडेही कमी होतात. पाठीवरची पिसं गेलेल्या तुमच्या दोन-तीन लाडक्या कोंबड्या असतीलच, बघा.

नव्यांच्या पायांवरच्या पांढरट खपल्या, तुमच्या वर्णनावरून, खवल्यांखालच्या किडीच्या वाटतात. डोळ्यांना न दिसणारी ही कीड नडगीच्या खवल्यांखाली बोगदे करून राहते. तिची विष्ठा आणि मेलेली कातडी साचून खवले उचलले जातात, पाय जाड आणि चुनकळी फासल्यासारखे दिसतात. ती फार सावकाश वाढते, म्हणजे तुमच्याकडे येण्याआधीच होती, हाटातूनच आली. एकाच दांडीवर बसल्याने ती जुन्यांकडे जाणार हे नक्की, म्हणून उपाय आठहीजणींना आणि दोन्ही कोंबड्यांना एकदमच.

थंडीत हे काम रात्री नको, दुपारी उन्हात करा. टबात कोमट पाणी, त्यात सौम्य साबणाचे थोडे थेंब, पाय पाच-दहा मिनिटं बुडवून धरा. बहुतेक कोंबड्या कोमट पाण्यात डोळे मिटून घेतात. मग जुन्या मऊ टूथब्रशने खवल्यांच्या दिशेने हलकेच घासा. जी खपली स्वतःहून सुटेल तेवढीच काढा, नखाने खरवडलीत तर खाली रक्त निघेल. पाय कोरडे करून बोटांपासून पिसांपर्यंत व्हॅसलिनचा जाड थर द्या, खवल्यांच्या फटीत दाबून. हवा बंद झाली की कीड गुदमरते. पहिले दोन आठवडे दर दोन-तीन दिवसांनी, पुढे महिनाभर आठवड्याला एकदा. मध्येच पाय बरे दिसले म्हणून थांबू नका, खवल्यांखाली उरलेल्या किडीची नवी पिढी निघायची असते. घासलेट किंवा गॅरेजमधलं जळकं ऑइल कीड मारतं हे खरं, पण कातडीही जाळतं. एखादी कोंबडी खुडूक बसलेली असेल तर तिला मात्र हे लेप नकोत. पायाचं तेल अंड्यांना लागलं की कवचाची छिद्रं बुजतात आणि आतलं पिल्लू मरतं. तिची एकवीस दिवसांची बैठक संपू द्या.

दांड्या त्याच दिवशी खरवडून, उकळतं पाणी ओतून, उन्हात वाळवा आणि फटींमध्ये नीमतेल चोळा. फार जुनाट केस असेल तर पशुवैद्य आयव्हरमेक्टिन देतात. ते स्वतःच्या अंदाजाने देऊ नका. मात्रा वजनावर ठरते आणि नंतर किती दिवस अंडी खायची नाहीत हेही त्यांनाच विचारावं लागतं. उचललेले खवले लगेच पूर्ववत होत नाहीत, नवे खवले येईपर्यंत काही महिने जातात. तेवढ्यात औषध लागू पडत नाही म्हणून घाबरू नका.

लंगडणारीचं मी न बघता सांगू शकत नाही, पण कुठे बघायचं ते सांगतो. संक्रांत नुकतीच झालीय, म्हणून सर्वांत आधी मांजा. आपल्याकडे त्या दिवसांत छतांवरून तुटलेला मांजा महिनाभर अंगणात पडत असतो. कोंबडी माती उकरते आणि दोरा बोटाभोवती गुंडाळला जातो. नायलॉनचा असेल तर तो इतका रुततो की वरून दिसतच नाही, फक्त बोट सुजलेलं आणि सुजेच्या वर एक बारीक खाच. शिवणकामाची बारीक कात्री आणि चिमटा घेऊन, चांगल्या उजेडात, एकेक वेढा कापून काढा. ओढू नका.

दुसरं, चिखलाचे गोळे. आपली माळव्याची काळी माती विष्ठेत मिसळून बोटांच्या टोकांना चिकटते आणि वाळली की दगड होते. पावसाळ्यात हे फार. फोडायला गेलात तर नखासकट येतं. पाण्यात मऊ होईपर्यंत भिजवा, आपोआप सुटेल.

तिसरं, तळव्याचा गळू. गादीला बारीक चीर पडते, तिच्यातून जंतू, बहुधा स्टॅफिलोकॉकस, आत जातात आणि वर काळी घट्ट खपली धरते. कडकनाथ वजनाने हलका पण उंच चढणारा. तुमची दांडी पाच-सहा फुटांवर आणि खाली फरशी असेल तर रोज सकाळची उडी तळव्यावर बसते. सुरुवातीची अवस्था असेल, म्हणजे नुसती खपली, सूज नाही, तर एप्सम सॉल्टच्या कोमट पाण्यात दहा-पंधरा मिनिटं पाय, कोरडा करून पोव्हिडोन आयोडीन, वर कापसाची गादी आणि पट्टी, दररोज. बोटांच्या मधून पट्टी फिरवा, पण बोटं निळसर किंवा थंड पडतील इतकी आवळू नका. हातात मोजे घाला, हे जंतू आपल्यालाही लागतात. दाबून पू काढायच्या भानगडीत पडू नका. पक्ष्यांचा पू वाहत नाही, पनीरासारखा घट्ट गोळा होतो, आणि तो काढणं हे पशुवैद्याचं काम. पाय गरम आहे, सूज बोटांच्या वर चढलीय, कोंबडी खायला उठत नाही, अशी लक्षणं दिसली तर महूच्या पशुवैद्यकीय महाविद्यालयात न्या. राऊहून ते लांब नाही. आणि एक पाय पुढे एक मागे असा ताणून पडली असेल, जखम कुठेच नसेल, तर तो मॅरेक्स हा विषाणूचा रोग असू शकतो. त्याला उपचार नाही, त्याची लस पिल्लू निघाल्याच दिवशी द्यायची असते.

दांडी दीड-दोन फुटांवर आणा. साधारण पाच सेंटिमीटर रुंद, वरच्या कडा रंध्याने गोल केलेल्या, प्रत्येकीला वीतभर जागा. खाली भाताचं तूस किंवा भुसा चार बोटं, आणि तो कोरडा. ओल्या भुशातला अमोनियाचा वास तुमच्या नाकाला आला म्हणजे त्यांच्या तळव्यांना केव्हाच झोंबलाय.

राहिल्या भांडखोर कोंबड्या. कोण कुणाला टोचणार याची उतरंड प्रत्येक कळपात असतेच. नॉर्वेच्या श्येल्डेरुप-एब्बे नावाच्या अभ्यासकाने 1920च्या दशकाच्या सुरुवातीला हे पहिल्यांदा नीट मांडलं, पण कुठल्याही आजीला ते आधीपासून ठाऊक होतं. नवे पक्षी एकदम सोडले की ती उतरंड विस्कटते आणि मारामारी होते. त्या तिघींना आजच वेगळं करा. एरवी नवे पक्षी तीन-चार आठवडे पूर्ण वेगळे ठेवायचे असतात, कीड आणि रोग दोन्हींसाठी. 2020च्या अखेरीस डेली कॉलेजच्या आवारात कावळे मेले आणि बर्ड फ्लू निघाला, हे इंदूरकरांना वेगळं सांगायला नको. तुमचं ते विलगीकरण हुकलं आहे, पण पाय बरे व्हायला तेवढा काळ लागणारच. मग आठवडाभर मध्ये जाळी ठेवा, एकमेकींना दिसतील पण चोच पोचणार नाही. नंतर एका रात्री तिघींना एकत्रच दांडीवर नेऊन बसवा, एकटीला कधीच नाही. सकाळी दाण्याची आणि पाण्याची भांडी दोन-तीन जागी ठेवा, आणि कुठेतरी फळी तिरकी लावा, जिच्यामागे लपता येईल. दोन-चार दिवस टोचाटोची होईल, ती होऊ द्या. रक्त आलं की मात्र मध्ये पडा. सोललेल्या पाठीवर जेन्शन व्हायोलेट लावा, जांभळ्या रंगाखाली लाल झाकलं जातं. हळदीने जखम बरी होईल, पण लाल दिसतच राहील. एकच कोंबडी सगळ्यांना छळत असेल तर तिला आठवडाभर बाजूला काढा. परत आली की तीच नवखी ठरते.

आणि खाण्याकडे बघा. पिसं टोचून खाणाऱ्या कळपात मला बहुतेक वेळा प्रथिनांची कमतरता दिसते. इंदूरच्या घरात सकाळचे उरलेले पोहे, शेव, पोळीचे तुकडे कोंबड्यांनाच जातात, हे मला न सांगता कळतं. त्यात प्रथिनं नावाला आणि शेवेत मीठ भरपूर. अंड्यावरच्या कोंबडीला सोळा ते अठरा टक्के प्रथिनांचं खाद्य लागतं. लेअर मॅश, म्हणजे अंड्यावरच्या कोंबड्यांचं तयार खाद्य, मुख्य ठेवा, पोहे चवीपुरते, शेव बंद. शिंपल्यांचा चुरा वेगळ्या वाटीत ठेवा, मॅशमध्ये वरून मिसळू नका. कोंबड्याला तेवढं कॅल्शियम लागत नाही आणि वर्षानुवर्षं जास्त गेलं तर मूत्रपिंडं बिघडून सांधे सुजतात, म्हणजे पुन्हा पायच. खुराड्यात रात्रभर दिवा जळत असेल तर तोही बंद करा, सततच्या उजेडाने चिडचिड वाढते. दिवसा राख मिसळलेल्या कोरड्या मातीत लोळायला जागा आणि टांगलेली पालकाची जुडी एवढं दिलं तरी रिकाम्या चोचींना काम मिळतं.

शेवटी दोघांपैकी एक कोंबडा जायला हवा. तिन्ही नव्या मिसळल्यावरही आठ कोंबड्या होतील, त्या एकालाच जेमतेम. थोरल्याला वर सांगितल्याप्रमाणे महिनाभर हाताळा. सुधारला तर धाकटा द्या. नाही सुधारला तर धाकटा ठेवा, तो अजून शिकण्याच्या वयात आहे आणि पहिल्या आठवड्यापासून त्याला रात्रीच्या तपासणीची सवय लावता येईल. अंड्यांसाठी कोंबडा लागतच नाही, तो पिल्लांसाठी लागतो, तेव्हा दोन्ही दिलेत तरी अंडी येत राहतील. मारका आहे हे घेणाऱ्याला स्पष्ट सांगा. रागीट कोंबडा म्हणून जास्त पैसे देऊन मागायला कुणी आला तर त्याला देऊ नका, तो झुंजीसाठी नेतोय. प्राणी लढवणं 1960च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्याने गुन्हा आहे. त्यापेक्षा तो तुमच्याच घरी रश्श्यात गेला तर मला वाईट वाटणार नाही. फक्त दीड वर्षाचा कडकनाथ चिवट असतो, कुकरला भरपूर शिट्ट्या काढाव्या लागतील.